विहिरीत किती, शिवारात किती: रब्बीचं पाणी वहीवरून वाटताना

आमच्या विहिरीवर तीन घरं आहेत. आमचं, माझ्या दिरांचं आणि चुलत दिरांचं. राहतो सगळे इंदूरला, जमीन सांवेरच्या बाजूला, तिघांची मिळून चार हेक्टर. एक विहीर, एक ट्यूबवेल आणि सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, हौसेनं खणवलेलं एक शेततळं. नाना होते तोवर पाण्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असायचा. ते गेल्यावर पहिल्याच रब्बीत तिन्ही घरांनी मनसोक्त गहू पेरला आणि जानेवारीच्या शेवटी विहिरीनं तळ दाखवला. त्या वर्षी घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यानंतर मी एक वही घातली, आणि आता पेरणीचा निर्णय त्या वहीवरून होतो.

हा लेख त्या वहीबद्दल आहे. विहिरीवर किंवा बोअरवर रब्बी काढणाऱ्या कुणालाही ही रीत लागू पडेल. आकडे मात्र आमचे आहेत, ते उचलू नका, रीत उचला.

एक गोष्ट आधीच सांगते. मोजण्याची हौस लागली की माणूस काहीही मोजत सुटतो. मी पहिल्या वर्षी सकाळ-संध्याकाळचं तापमानसुद्धा लिहीत होते, त्याचा उपयोग शून्य. आता नियम असा आहे की ज्या आकड्यानं आपला एखादा निर्णय बदलणार नाही, तो वहीत येत नाही. निर्णय तीनच असतात: किती हेक्टरवर काय पेरायचं, या आठवड्यात कुणाला पाणी द्यायचं, आणि पाणी कमी पडलं तर कुणाचं तोडायचं. यातला पहिला ऑक्टोबरात होतो, आणि खरं सांगायचं तर ऐंशी टक्के वाटप तिथेच होऊन जातं. डिसेंबरात कितीही हुशारी केली तरी ऑक्टोबरातली चूक भरून निघत नाही.

खाली काय आहे ते आधी समजून घ्या

माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे, महाराष्ट्रातल्या दख्खनसारखाच. हा खडक वाळूसारखं पाणी धरत नाही. झिजलेल्या थरात, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत जे मावेल तेच. भूजलाच्या सरकारी हिशेबात अशा झिजलेल्या बेसॉल्टमधून निघू शकणारं पाणी साधारण दोन टक्के धरतात. याचा अर्थ नीट पाहा. एका हेक्टरखालची पाणीपातळी एक मीटर उतरली तर त्यातून मिळालं किती? दहा हजार घनमीटरच्या दोन टक्के, म्हणजे २०० घनमीटर. आणि गव्हाची एक पाळी, म्हणजे एकदाचं पाणी, हेक्टरी ८०० घनमीटर खाते. म्हणजे एका पाळीसाठी स्वतःच्या जमिनीखालची पातळी चार मीटर उतरवावी लागेल. शेजारच्या पडीक किंवा कोरडवाहू रानाखालून पाणी सरकत येतं म्हणून आपलं चालतं. सगळ्यांनीच बोअर मारले की ते सरकणंही थांबतं. इंदूर, सांवेर, देपालपूर हे विकासखंड, म्हणजे तालुक्यासारखे गट, केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत अतिदोहित म्हणून नोंदले गेले आहेत, म्हणजे वर्षाकाठी जेवढं मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही म्हण आम्ही अजून अभिमानानं म्हणतो, पण ती म्हण झाली तेव्हा सबमर्सिबल पंप नव्हते.

आणखी एक आकडा पाठ करून टाका, पुढे सगळीकडे लागेल: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर. बिघ्याचं माप गावागणिक बदलतं, त्या भानगडीत पडू नका. खसऱ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यावर, क्षेत्र हेक्टरमध्ये असतं, तेच घ्या.

पातळी: टेप, नळीचा तुकडा आणि पहाट

विहिरीची पातळी मोजायला महागडं यंत्र लागत नाही. तीस मीटरचा टेप घ्या. त्याच्या टोकाला लोखंडी नळीचा बोटभर तुकडा बांधा, वरून बंद, खालून उघडा. हा तुकडा पाण्याला टेकला की आत अडकलेल्या हवेमुळे ‘डबक’ असा आवाज येतो. वर घ्या, पुन्हा सोडा, आवाज जिथे येतो तिथे टेप चिमटीत धरा. अंधारातसुद्धा दोन सेंटिमीटरच्या आत आकडा येतो. आमच्याकडे काम करणारे दाजी आता टेप न बघता आवाजावरून सांगतात, ‘भाभी, काल से एक बिलांत नीचे है,’ आणि बहुतेक वेळा बरोबर असतात.

यात दोन चुका मी केल्या आहेत. पहिली, कठड्याच्या मिळेल त्या बाजूनं मोजलं. आमचा कठडा एका बाजूला वीतभर खचलेला आहे, त्यामुळे कधी पाणी चढल्यासारखं दिसायचं, कधी उतरल्यासारखं. आता लाल रंगाची एक खूण आहे, तिथूनच मोजायचं. दुसरी चूक मोठी होती. पंप बंद केल्या-केल्या मोजत होते. ती पातळी विहिरीची नसते, ती पंपाची असते. रात्रभर विहीर भरू द्या आणि सकाळी लाईट येण्याआधी, पंप सुरू होण्याआधी मोजा. आठवड्यातून एकदा, तोच वार. आमचा सोमवार.

बोअरमध्ये टेप सोडायला जागा असेल तर टेपच्या शेवटच्या दोन मीटरला खडू फासा. पाण्यात बुडालेला भाग ओला होऊन रंग बदलतो. सोडलेल्या लांबीतून ओली लांबी वजा केली की पातळी. केबल आणि पाईपनं बोअर गच्च भरला असेल तर पुढच्या वेळी पंप वर काढाल तेव्हा सोबत अर्ध्या इंचाची एक नळी सोडून ठेवा. टेप मग त्या नळीतून जातो.

प्रवाह: ड्रम आणि घड्याळ

पंप किती पाणी टाकतो हे विचारलं की लोक हॉर्सपॉवर सांगतात. हॉर्सपॉवरवरून पाणी कळत नाही. दोनशे लिटरचा ड्रम पाईपाखाली ठेवा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. पन्नास सेकंदांत भरला तर सेकंदाला ४ लिटर, तासाला १४.४ घनमीटर. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या.

पाटानं पाणी असेल तर पत्र्याला काटकोनी ‘व्ही’ खाच पाडून तो पत्रा पाटात आडवा, अगदी समतळ बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेजवळ नाही, पाणी तिथे खाली वाकतं. जरा मागे जाऊन मोजा. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १२ ला ६.९ आणि १५ ला १२ लिटर. उंची दीडपट झाली की पाणी पावणेतीनपट होतं, म्हणून नजरेनं केलेला अंदाज नेहमी चुकतो.

पण ड्रमचा खरा उपयोग आम्हाला वेगळ्याच जागी झाला. आमच्या तीन घरांत पाळ्या तासांवर होत्या. पहिले तीन तास एकाचे, पुढचे तीन दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. नानांच्या काळापासून हेच चालू होतं आणि सगळ्यांना ते न्यायाचं वाटायचं. एकदा मी दिवसभर विहिरीवर बसून दर तासाला ड्रम भरला. पहिल्या तासाला तेहेतीस सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ६ लिटर. पाच तासांनी तोच ड्रम भरायला सदुसष्ट सेकंद, म्हणजे जेमतेम ३ लिटर! रात्रभर भरलेली विहीर पहिल्याला मिळत होती आणि तिसऱ्याला झिरपा. चुलत दीर वर्षानुवर्षं म्हणायचे, ‘वहिनी, आमच्या वाट्याला पाणीच येत नाही,’ आणि आम्ही म्हणायचो, तुमचे सारे, म्हणजे पाणी सोडायच्या पट्ट्या, उताराचे नाहीत. माणूस खरं बोलत होता.

म्हणून तास सोडा, घनमीटर धरा. पंपाच्या तोंडाशी पाण्याचा मीटर बसवता आला तर उत्तम. आम्ही बसवलाय, जाळी मात्र महिन्यातून एकदा साफ करावी लागते. मीटर नसेल तर निदान पहिली पाळी कुणाची हे रोज फिरवत जा.

हाती किती आहे: ऑक्टोबरचा हिशेब

आता विहीर रोज किती देते ते काढायचं. पंप चालवून पातळी तीन मीटर खाली न्या, पंप बंद करा आणि पातळी किती चढते ते बघा. आमच्या विहिरीचा व्यास ६ मीटर, म्हणजे तोंड २८ चौरस मीटर. बारा तासांत २.१ मीटर चढली, म्हणजे सुमारे ५९ घनमीटर आत आले. चोवीस तासांचे दुप्पट नका करू, कारण विहीर भरत आली की झरे मंदावतात. उलट पंप चालू असताना जास्त येतं. हे सगळं धरून आणि मीटरशी ताडून आम्ही नोव्हेंबरसाठी रोजचे १०० घनमीटर धरतो.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. ऑक्टोबरचा आकडा घेतात आणि त्याला चार महिन्यांनी गुणतात! विहीर उतरत जाते. आमच्या वहीत डिसेंबरला रोजचे ८०, जानेवारीला ५५ आणि फेब्रुवारीला ३० असे आकडे आहेत. मागच्या वर्षांची नोंद नसेल तर पहिल्या वर्षी दर महिन्याला पाव हिस्सा कमी करत जा, आणि फेब्रुवारीवर तर अजिबात विसंबू नका. विहिरीचे चार महिन्यांचे मिळून झाले ८,०२५ घनमीटर. बोअर सेकंदाला २ लिटरनं सहा तास धड चालतो, म्हणजे रोजचे ४३. जानेवारीत २५, पुढे हवा ओढतो. त्याचे धरले ३,४००.

शेततळं वर ३० बाय ३०, तळाशी २१ बाय २१ आणि ३ मीटर खोल आहे. वरच्या क्षेत्रफळात तळाचं क्षेत्रफळ मिळवा, मध्यावरच्या क्षेत्रफळाची चौपट मिळवा, खोलीनं गुणा आणि सहानं भागा. ९०० अधिक ४४१ अधिक २,६०१, म्हणजे ३,९४२. त्याला ३ नं गुणून ६ नं भागलं की १,९७१ घनमीटर. पण तेवढे मिळत नाहीत. तळ्यात एक काठी रोवा आणि पाणी उपसलं नसेल अशा आठवड्यात रोज किती उतरतं ते पाहा. आमचं रोज ९ मिलिमीटर उतरतं. त्यातले साडेतीन-चार उन्हा-वाऱ्याचे, बाकीचे जमिनीत. प्लॅस्टिक अंथरलेलं नाही ना! दोन महिन्यांत चारशे-साडेचारशे घनमीटर असेच जातात. म्हणून आमच्या हिशेबात तळ्याचे १,५००, आणि ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत वापरून टाकायचे. प्लॅस्टिक असतं तर हेच पाणी फेब्रुवारीसाठी राखलं असतं. निर्णय उलटा झाला असता, म्हणून ती काठी महत्त्वाची.

बेरीज झाली १२,९०० च्या आसपास. यातून पंधरा टक्के बाजूला काढा: जळालेली मोटर, गेलेली लाईट, फुटलेला पाईप. कागदावर शेतीच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, दहा तास वीज असते, पण डिसेंबरात सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज काय होतं ते ज्याचं त्याला माहीत आहे. उरले ११,०००.

वाटप: हेक्टरी कोटा

चार हेक्टरांत ११,००० म्हणजे हेक्टरी २,७५० घनमीटर. आमच्या घराची जमीन १.६ हेक्टर, आमचे ४,४००. दोन्ही दिरांची १.२, त्यांचे प्रत्येकी ३,३००. आता ज्यानं त्यानं आपल्या कोट्यात बसेल ते पेरावं. लसूण लावणार? लावा, पण तेवढा हरभरा वाढवा. भांडण पिकावरून होत नाही, कारण प्रश्न पिकाचा उरतच नाही.

मोटारीपासून पिकाच्या मुळापर्यंत जाताना जे वाया जातं ते धरून आमच्याकडे हेक्टरी असा खर्च येतो. गव्हाला पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं ओलवण, आणि त्यावर पूर्ण चार पाळ्या दिल्या तर ४,०००. पलेवा आणि दोनच पाळ्या दिल्या तर २,४००. हरभऱ्याला फव्वाऱ्याच्या, म्हणजे तुषार सिंचनाच्या, दोन पाळ्या, १,२००. लसणाला दहा हलक्या पाळ्या, ५,०००. चारही हेक्टर पूर्ण पाण्याचा गहू पेरला तर १६,००० लागतील. त्या पहिल्या वर्षी आम्ही नेमकं हेच केलं होतं.

आता आमच्या घरी ०.४ हेक्टर लसूण, ०.५ कमी पाण्याचा गहू, ०.७ हरभरा. एकूण ४,०४०. मोठ्या भाऊजींचा ०.६ पूर्ण पाण्याचा गहू आणि ०.६ हरभरा, त्यांचे ३,१२०. चुलत दिरांचा हिशेब ६० घनमीटरनं वर जात होता, ते आमच्या शिलकेतून दिले. मंडीतल्या डॉलर चन्याचा, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याचा, भाव ऐकून कुणी मध्येच बेत बदलला तर चालेल, कोटा बदलत नाही.

वाणही याच हिशेबानं निवडा. इंदूरला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथून निघालेले वाण माळव्यातल्या पाण्याचा विचार करूनच काढलेले असतात. पूर्ण पाणी असेल तिथे कठिया, म्हणजे ड्युरम, गव्हातला पूसा तेजस, म्हणजे एचआय ८७५९, चांगला. दोन पाळ्यांच्या रानात हर्षिता, म्हणजे एचआय १५३१, सारखा कमी पाण्याचा. उलटं केलंत तर दोन्हीकडे तोटा.

एकूण पुरतं, पण एका आठवड्यात पुरत नाही

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. वर्षाची बेरीज जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका. तिघांचा मिळून गहू १.९ हेक्टर. गव्हाला सगळ्यात नाजूक पाणी पेरल्यापासून २०-२५ दिवसांनी लागतं, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. हे चुकलं तर फुटवे कमी होतात आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी ते येत नाहीत. १.९ हेक्टरला एक पाळी म्हणजे १,५२० घनमीटर. डिसेंबरात विहीर आणि बोअर मिळून रोजचे १२३ देतात. भागाकार करा: साडेबारा दिवस, आणि तेसुद्धा लसणाला थेंब न देता. सगळ्यांनी एकाच दिवशी पेरलं असेल तर शेवटच्या साऱ्याला पाणी पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

म्हणून पेरणीच्या तारखा पाण्यावरून पाडा. कमी पाण्याचा गहू ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरा, त्याला तसाही लवकरचा हंगाम मानवतो. पूर्ण पाण्याचा १.२ हेक्टर दहा नोव्हेंबरनंतर. त्याची पहिली पाळी मग आठ दिवसांत उरकते आणि तळ्याचं पाणी लसणाला मिळतं. एकोणीस-वीस दिवसांच्या अंतरानं पुढच्या पाळ्या धरल्या तर शेवटची फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते, विहीर बसायच्या आत. कॅलेंडरवर आधी शेवटची पाळी लिहा आणि मागे मागे येत पेरणीची तारीख काढा.

आठवड्याचा निर्णय

काळी माती पाण्याच्या बाबतीत उदार आहे. मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं दीडशे मिलिमीटर पाणी ती सहज धरते. गव्हाच्या मुळांची खोली ९० सेंटिमीटर धरली तर १३५. त्यातलं निम्मं संपेपर्यंत गव्हाला त्रास होत नाही. म्हणजे ६५-७० मिलिमीटर ही आपली गंगाजळी.

रोजचा खर्च किती? माळव्यात वातावरणाची ओढ, म्हणजे हवा जमिनीतून आणि पिकातून खेचते ते पाणी, डिसेंबर-जानेवारीत रोज साधारण ३ मिलिमीटर असते, फेब्रुवारीत ४ च्या वर जाते. हवामान केंद्राकडून बाष्पीभवन पात्राचा आकडा मिळाला तर त्याला ०.७ नं गुणा, हीच संख्या येईल. गहू भरात असताना याच्या १.१५ पट पितो, हरभरा साधारण एकपट. म्हणजे जानेवारीत गव्हाचे रोजचे साडेतीन. ६८ ला ३.५ नं भागा: एकोणीस दिवस. नाना ‘अठरा-वीस दिवसांनी पाणी’ म्हणायचे ते हेच. पण फेब्रुवारीतल्या गरम वाऱ्यात हाच आकडा चौदावर येतो. तिथे नानांचा ठोकताळा लंगडा पडायचा.

वहीत प्रत्येक वावराचं एक पान करा. पाणी दिलं त्या दिवशी ६८ लिहा, रोज साडेतीन वजा करा, आणि मावठं, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, झालं तर मिळवा. पावसाचा आकडा स्वतःच्या शेतातला हवा. सरळ भिंतींचा तुपाचा डबा मोकळ्या जागी ठेवा आणि पट्टीनं आतलं पाणी मोजा, जितके मिलिमीटर तितका पाऊस. इंदूरला विमानतळावर किती पडला याचा आपल्याला उपयोग नाही. मावठं राजवाड्यावर धो-धो आणि सांवेरला कोरडं, असं कितीदा होतं! २५ मिलिमीटरचं मावठं म्हणजे पाळी सात दिवस पुढे. आमच्या चार हेक्टरांवर ते हजार घनमीटर पाणी झालं, फुकट. तेव्हा पाळी लागली आहे आणि हवामान विभागाचा पाच दिवसांचा अंदाज पावसाचा आहे, तर आधी हरभरा थांबवा. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी कृषी हवामान पत्रिका पाळी ठरवण्याआधी वाचायची, नंतर नाही.

कागदावरचा हिशेब हातानं ताडून बघा. वीतभर खोल खणून मूठभर माती दाबा. घट्ट लाडू झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर लांब पट्टी निघाली तर पाणी आहे. लाडू झाला पण पट्टी तुटते, तर पाळी जवळ आली. लाडूच होत नाही, तर तुम्ही उशीर केलात. दोन वर्षांपूर्वी आम्ही मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर लावला होता. जानेवारीत मोबाईलवर रान एकदम कोरडं दिसायला लागलं, दोन दिवसांत! जाऊन पाहिलं तर सेन्सरच्या बाजूनंच जमिनीला बोटभर भेग पडलेली, आणि तो हवा मोजत होता. काळ्या मातीत सेन्सर लावायचा तर चिखलाच्या गाऱ्यानं घट्ट बसवा, आणि तरीही कुदळ जवळ ठेवा. उपग्रहाची चित्रं पाच-पाच दिवसांनी फुकट मिळतात. कुठला कोपरा मागे पडलाय हे त्यांत छान दिसतं, पण पिकाला ताण बसून गेल्यावर. त्यावरून सारे दुरुस्त करा, पाळी ठरवू नका.

कमी पडलं तर तोडायचं कुणाचं

डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी वहीतली पातळी आणि मागच्या वर्षांची त्याच आठवड्याची पातळी शेजारी शेजारी ठेवा. या वर्षी मीटरभर खाली असेल तर जानेवारीची वाट पाहू नका, त्याच संध्याकाळी तिघांनी बसा. उशिरा केलेली कपात सगळ्यांवर थोडी थोडी पडते आणि सगळंच पीक अर्धवट राहतं.

आमचा क्रम असा ठरलेला आहे. आधी हरभऱ्याची दुसरी पाळी जाते. काळ्या रानात हरभरा फुलोऱ्याच्या आधीच्या एका पाण्यावरही पदरात काही टाकतो, आणि ऐन फुलोऱ्यात तर त्याला पाणी द्यायचंच नसतं, फुलं गळतात आणि नुसता पाला माजतो. मग पूर्ण पाण्याच्या गव्हाची कांडी धरतानाची पाळी. मुकुटमुळांची आणि फुलोऱ्याची या दोन शेवटपर्यंत राखायच्या. लसणाचं पाणी तोडायचं तर सगळ्या क्षेत्राला तुटपुंजं देण्यापेक्षा एक तुकडा सोडून द्या आणि उरलेल्याला पुरतं द्या. हे सांगायला सोपं आहे. मी स्वतः सहा वाफे सोडले तेव्हा दोन दिवस तिकडे फिरकले नाही. ज्याची पाळी तुटते त्याला पुढच्या वर्षीच्या कोट्यात तेवढे घनमीटर जास्त, असं वहीत लिहून तिघांच्या सह्या असतात.

गव्हाची ओंबी बाहेर पडली की फव्वारा बंद करा आणि पाणी साऱ्यांतून द्या. वरून पाणी पडलं की फूल झडतं आणि दाण्याचं तोंड काळं पडायची भीती असते. दाण्यात चीक भरून झाल्यावर ‘आहे विहिरीत थोडं, देऊन टाकू’ हा मोहसुद्धा टाळा. गहू लोळतो, आणि कठियाची चमक गेली की मंडीत आडत्या पहिली मूठ बघूनच भाव पाडतो.

शेजाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आपण मोजून वापरायचं आणि पलीकडच्यानं तीनशे फुटांवरून ओढायचं. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पावसाच्या आकड्यावरून गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक होतं आणि ग्रामसभा त्यावरून पिकं ठरवते, शेतीसाठी बोअरला तिथे मनाई आहे. आमच्या गावात तेवढी एकी नाही. पण मागच्या ऑक्टोबरात शेजारच्या दोन विहिरीवाल्यांनी आमचा टेप मागून नेला, नळीच्या तुकड्यासकट. एकानं अजून परत केलेला नाही. दाजी म्हणाले, ‘रेन दो भाभी, दूसरा बना लेंगे.’ नवा करून लाल खुणेशी टांगलाय.